मापाची वही

गुदैबियाच्या गल्लीत, कोल्ड स्टोअरच्या वर,
एसीचं पाणी बादलीत टपटपत राहतं
आणि मी बायकांची मापं घेते.
छाती, कंबर, दंडघेर, मागचा गळा.
अठरा वर्षं. अकरा वह्या.

नेवरेकरबाई दिवाळीआधी आल्या, खुशीत.
"वजन उतरलं गं, दोन्ही बाजूंनी दाबून दे."
मी वही उघडली.
गणपतीत छत्तीस. आता साडेतेहतीस.
"काय सोडलंत खाण्यातलं?"
"काहीच नाही. उलट मेली भूकच वाढलीय."
टाचण्या माझ्या ओठांत होत्या,
म्हणून लगेच बोलता आलं नाही.
टाचण्या काढल्या, मग बोलले.
त्या हसल्या.
चार दिवसांनी फोन आला तेव्हा आवाजही आत घेतल्यासारखा:
साखर साडेतीनशे.

इथं सगळ्याला एकच उत्तर तयार असतं, गरमी.
तहान लागते? गरमी.
चक्कर येते? गरमी.
ऑगस्टात दाराची मूठसुद्धा घामेजते,
तिथं एका माणसाच्या घामाची चौकशी कोण करणार?
खालचा मोनीर पाण्याच्या दोन बाटल्या संपवून
पायरीवरच तिसरी फोडायचा.
आम्ही म्हणायचो, पोरगा राबतो हो.

उम्म यूसुफच्या जलाबियाचं गळ्याचं बटण लागेना.
बाकी सगळं माप जिथल्या तिथं, फक्त गळा.
तिनं चहाचा घोट घेतला
आणि कातडीखाली लिंबाएवढं काहीतरी
वर गेलं, खाली आलं.
माझं अरबी बाजारापुरतं: कितीला, कधी, उद्या.
मी नुसतं बोट ठेवलं तिथं. म्हटलं, "दुक्तूर."
तिनं माझं बोट धरलं,
बराच वेळ सोडलं नाही.

असं वाटेल की मला सगळं कळतं.

नाही कळलं.
मृण्मयी म्हणायची, "काखेत रुततंय गं, उजवीकडं."
मी मुंढा अर्धा इंच सैल केला.
महिन्यानं परत आली. परत रुततंय.
परत उसवला, परत सैल केला,
वर टीपही अशी मारली की जोड दिसू नये.
हातात कला असली की माणूस
चूक कापडातच शोधतो.
ती पुण्याला गेली, उपचारांना.
ब्लाऊज न्यायला कुणी आलं नाही.
सातव्या वहीत तिच्या नावापुढं
माझ्याच वळणदार अक्षरात आहे:
उजवा मुंढा, एक इंच जास्त.

तेव्हापासून मी विचारते.
अंगठी का काढून ठेवलीस, चपलेचा पट्टा कधीपासून सोडतेस,
मानेवरचा हा काळेपणा घासून जात नाही ना?
काहीजणी चिडतात. दोघी तर दुसरीकडं शिवायला लागल्या.
शिवोत.

परवा मंगळवारी पांढऱ्या रेशमाला हातशिलाई करत होते.
कापडावर लाल ठिपका दिसला.
कुंकू कुठून आलं, म्हणून झटकलं, तर पसरला.
मग बोट पाहिलं.
सुई आत होती, चांगली पाव इंच.
आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निघतं,
शिवणक्लासच्या बाईंनी शिकवलेलं.
डाग काढला. कापड वाचलं.
आणि मग हळूहळू उमगत गेलं
की दुखलं नव्हतं.

दोन वर्षं म्हणतेय,
एवढी सुई धरल्यावर बोटं निबर व्हायचीच.
तळव्यांखाली चादर घातल्यासारखं वाटतं,
तर म्हणते, फरशी थंड आहे.
अकरा वह्या चाळल्या.
त्यांत माझं पान नाही.

रात्रभर बादली भरत राहिली.
सकाळी क्लिनिकला फोन लावला.
"नाव?"
पुष्पलता हेंद्रे.
"वय?"
त्रेपन्न.
"काय होतंय?"

काही होत नाही, मी म्हटलं.
तेच सांगायला यायचंय.