पेवात सोडलेला कंदील

पेपरात वाचतो,
अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं.
हसू येतं.
लिहिणाऱ्यानं पेव पाहिलेलं नसतं.
हरिपुरात आता दाखवायला फारशी उरलीही नाहीत,
पुरानं बुजवली.
पेव फुटत नाही हो.
वरची माती खरवडून, तोंडावरचा दगड सरकवून
उघडावं लागतं, आणि मग
बाजूला बसून राहावं लागतं,
आतली कोंडलेली हवा निघून जाईस्तोवर.

मी बारा वर्षांचा. माझं काम कंदील.
दोरीला बांधून वीस फूट खाली सोडायचा.
तळाशी जळत राहिला तर माणूस हळद काढायला उतरतो.
विझला तर नाही.
दिवसाला आठ आणे आणि एक चहा.

त्या साली भिंतींवर नवा रंग होता:
कमी बोला, जास्त काम करा.
अडत्याच्या पेढीवरचा रेडिओ दिवसभर शिस्तीचं सांगायचा.
रॉकेल रांगेत, साखर रांगेत,
आणि पोत्यामागचे तीस पैसे
एका सोमवारी पंचवीस झाले.
वरून हुकूम आहे, शेठ म्हणाले.
वर कोण, हे विचारायची सोय नव्हती.

इलाही नदाफ म्हणाला, उतरायचं न्हाई.
फौजदार म्हणाला, पाच माणसं एका जागी दिसली
की आत.
तर माणसं एका जागी दिसलीच नाहीत.
एका पेवावर एक.
भूपाल चौगुले चिंचेखालच्या, माझा बाप नदीकडच्या.
हौसाक्का आवळेचं काम खरं तर वर पोती शिवायचं,
तीही एका तोंडावर पाटी उपडी घालून बसली.
चाळीस पेवं, चाळीस माणसं,
घोषणा नाही, बोलणं नाही, विडीसुद्धा आपापली.
फौजदार मोजत हिंडला:
एक.
एक.
एक.

मग शेठनी मिरज स्टेशनावरून माणसं आणली,
गाव सुटलेली, पोटाला नसलेली.
त्यांना पेव ठाऊक नव्हतं.
मला हाक आली. सोड रे.
मी सोडला. खाली जळत होता.
हळदीवर त्याचा उजेड असा पडला होता
जसं जमिनीखाली कुणाचं तरी लग्न लागतंय.
मी दोरीला एक हिसका दिला.
विझला, म्हणालो.

पहिल्या दिवशी चार पेवं. दुसऱ्या दिवशी सहा.
तो हिसका मनगटात अजून आहे,
कपबशी उचलताना मधूनच येतो.
बापानं त्या दोन दिवसांत माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर फौजदारालाही कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी हवालदारानं दोरी माझ्या हातातून घेतली
आणि सावकाश सोडली, डोहात गळ सोडावा तशी.
कंदील तळाला टेकला.
जळत राहिला.
हवालदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीच बोलला नाही.
मिरजेची माणसं उतरली.
त्यातला एक खोकत वर आला, पापण्यांपर्यंत पिवळा,
हौसाक्कानं त्याला तांब्या दिला
आणि तो पीत असताना तोंड फिरवून उभी राहिली.

रात्री इलाहीला जेवत्या ताटावरून उचलला.
कुठल्या कलमाखाली, हे विचारायला गेलेल्या भूपाललाही ठेवून घेतलं.
पेपरात एक ओळ नाही.
सत्तावीस पैशांवर काम सुरू झालं.
वाढलेले दोन पैसे मी अजून अधूनमधून वाटून बघतो,
इलाहीचे किती, भूपालचे किती,
त्या खोकणाऱ्या माणसाचे किती. जमत नाही.

इलाही अकरा महिन्यांनी आला.
घरी जायच्या आधी पेवांकडे आला.
एक नुकतंच उघडलं होतं. त्याच्या काठाशी
गुडघे टेकून, आत डोकं घालून त्यानं वास घेतला.
अजून जरा थांबा, म्हणाला.
आम्ही थांबलो.
कंदील माझ्या हातात,
भर दुपारी पेटवलेला.