दोनशे चाळीस वॅट

डुलुथमध्ये उणे सव्वीस.
अर्डिस हॉगन शाळेची बस आवारात लावते,
इंजिन गोठू नये म्हणून
बॉनेटखालची वायर खांबावरच्या प्लगात खुपसते.
अशा बारा पिवळ्या बसेस,
दावणीला बांधल्यासारख्या, रात्रभर वीज चघळत.

मग घर. डब्यातलं सूप. हेडफोन.
तिकडे फेअरबँक्सला लाइल, धाकटा.
बोलण्याआधी खाकरतो, लहानपणापासून.
दोघं पडद्यावरच्या डोंगरात ट्रक हाकतात,
मागे ओंडके लादलेले,
आणि हाकता हाकता बोलतात
जे फोनवर कधी जमलं नाही.

फक्त सातव्या वळणाला
धुकं उतरतं, पंखे किंचाळतात,
आणि खट्.
इशारा नाही, निरोप नाही. काळं.
लाइलचं वाक्य तिकडे अधांतरी:
"आबांच्या त्या शेवटच्या आठवड्यात मी खरं तर..."
तीन वेळा ते तिथंच तुटलं.
चौथ्यांदा त्यानं काढलं नाही.

यंत्र तयारच घेतलेलं, सवलतीत, काचेच्या कुशीचं,
आत लाल दिवे, जत्रेतल्या पाळण्यासारखे.
ग्राफिक्स कार्ड तिनं नंतर बसवलं,
नाताळात स्वतःच स्वतःला दिलेलं.
नाकापेक्षा मोती जड.
कोपऱ्यातल्या पॉवर सप्लायवर बारीक अक्षरं:
दोनशे चाळीस वॅट.
एवढ्यात मोती काय, नाकाचंही भागत नव्हतं.

शनिवारी तिनं प्लग काढला,
बटण दाबून धरलं, उरलासुरला जीव जाईपर्यंत.
लोकरीचे मोजे काढले.
असल्या कोरड्या थंडीत
आपल्याच अंगातली ठिणगी महागात पडते.
अनवाणी पायांनी रेडिएटरला एकदा शिवून आली,
देवळात शिरताना घंटा वाजवावी तशी.

जुना सप्लाय निघाला. जाळीत धूळ,
आणि धुळीत बस्टरचे केस, तांबूस.
बस्टर जाऊन वर्ष झालं.
ते तिनं फुंकले नाहीत. चिमटीत धरून
कुठं ठेवावेत कळेना, म्हणून खिशात.

नवा साडेसहाशेचा. वजनदार, काळा, शहाणा दिसणारा.
चार भोकांपैकी एकच स्क्रू जुळला.
नव्याच्या तोंडाला चोवीस दात,
मदरबोर्ड मागतो सहा, तेही कंपनीच्याच वळणाचे.
टोपी त्यांची, माप त्यांचं,
डोकंही त्यांच्याच कारखान्यातलं हवं.
अर्डिस नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणाली,
जे तिच्या आईनं चर्चच्या दिवशी म्हणू दिलं नसतं.

अकरा दिवसांनी अ‍ॅडॅप्टर आला,
बोटाएवढा, पाकिटात हरवेल असा.
तरी पेटीत जागा होईना.
तिनं काचेची कूस काढूनच टाकली,
पाव कापायची फळी टेबलावर मांडली
आणि सप्लाय बाहेरच बसवला,
पाहुण्याला ओटीवर बसवावं तसा.
वायरी आत गेल्या. आतडी दिसत राहिली.
दिसू देत. बसचंही बॉनेट उघडलं की असंच असतं.

बटण.
पंखा फिरला, जेमतेम ऐकू येईल इतका.

रात्री ट्रक चढणीला लागले.
पाच. सहा.
सातव्याला धुकं.
तिनं सवयीनं श्वास धरला.
काही झालं नाही.
गियर बदलला, दिवे धुक्यात शिरले, पलीकडे निघाले.
"आहेस ना?" लाइल.
"आहे."
"म्हणजे आता तू जाणार नाहीस."
"नाही. साडेसहाशे वॅट."

आणि मग गप्प तोच झाला.
यंत्राचा दोष नव्हता. दिवे लागलेले,
फळीवर पाहुणा शांत,
हेडफोनात चार हजार किलोमीटरवरची
त्याची खुर्ची कुरकुरताना ऐकू येत होती.
तिनं विचारलं नाही.
आठवं वळण तिनं याआधी पाहिलंच नव्हतं.
तिथं एक तळं होतं,
कुणीतरी उगाच काढून ठेवलेलं, काठाला रिकामी नाव.
तिनं वेग कमी केला.

लाइल खाकरला.