बारावा खळगा

मार्व्याहून पहिली फेरी, मग टेकडी.
ब्रश, खुरप्या, ओळंबा,
रिबेलो बाईंचा तीन ताळी डबा.
ताडांच्या मागे पाच बाय पाचचा चौकोन
सुतळीनं बांधून ठेवलेला,
जसा काही रात्रीत पळून जाणार होता.

माझं काम रेघा मारायचं.
माती सांगेल ते, आलेखाच्या कागदावर,
एकास वीस.
नऊ दिवस माती काही बोलली नाही.
सोड्याच्या बाटलीचं बूच,
निळा मणी, तोही प्लास्टिकचा,
आणि खेकड्यांची बिळं,
ज्यांच्यावर मी एक अख्खी सकाळ आशा लावून बसले.

दहाव्या दिवशी मुरमात काळसर डाग.
मुठीत मावेल न मावेल एवढा.
दोन हातांवर दुसरा.
बाई गुडघ्यांवर सरकत पाणी शिंपडत गेल्या
आणि डाग ओलीनं वर येत गेले, एकामागून एक.
उन्हं कलेपर्यंत
चौकोनात एक गोल उमटला.
गोल कसला,
नव्या सुनेनं थापलेली भाकरी.

खांब कधीच कुजले,
त्यांच्या जागा तेवढ्या कुजल्या नाहीत.

मधोमध जळकी माती, शिंपल्यांचा चुरा,
नखाएवढी गारगोटीची पाती.
अंगठ्यावर ओढून पाहिली मी एकदा,
बाईंची पाठ असताना.
अजून लागते.

खळगे अकरा.
बारावा सुतळीबाहेर असणार, बाई म्हणाल्या,
आणि बोट केलं
तिथं आमचाच बांबू उभा होता,
ताडपत्रीचा, सावलीचा.

काकड्यानं रोवलेला, पहिल्याच दिवशी.
तो पाड्यावरून येतो, कमी बोलतो.
"इथंच का रे?"
"चार जागी ठोकून पाहिलं, बाई.
इथं जमीन हो म्हणाली."

कुणी हसलं नाही.
वर ताडपत्री फडफडत राहिली.
खाली अकरा जागा रिकाम्या,
बारावीत नवा बांबू,
आणि त्या छपराखाली आम्ही सहाजण
डबे उघडून बसलेलो,
बोंबलाची चटणी पुढे सरकवत.

चारला बांबू उपसला.
मी हात घातला, कोपरापर्यंत.
आमचं भोक जिथं संपलं
त्याच्याही खाली वीतभर
ती जुनी, सैल, गार माती.
त्यानं आपल्यापेक्षा खोल रोवला होता.
वारा त्याच्या ओळखीचा असावा.

नोंदवहीत अशा जागेसाठी शब्द ठरलेला आहे:
अर्वाचीन व्यत्यय.
लिहिला.
कागदावर दोन रेघा काढल्या,
एक सलग, एक तुटक,
आणि तुटक कुणाची हे बाईंना विचारायचं राहून गेलं.

सकाळी पुन्हा ऊन.
काकड्या बांबू खांद्यावर घेऊन
टाचेनं जमीन ठोकत फिरतोय.
आम्ही कामं सोडून
त्याच्या टाचेकडे बघतोय.