टेप क्रमांक ४१२

व्हरमाँटमधल्या एका वाचनालयाच्या तळघरात
डोरीन पेल्की टेपा भाजते –
फळं सुकवायच्या यंत्रात, मंद आचेवर, आठ तास.
नाहीतर चिकटतात, गावाची दातखीळ बसते.

मार्च सत्त्याऐंशी. नगरसभा, केबलचं चॅनल आठ.
विषय : मिल स्ट्रीटवरचा दिवा.
लाइल थिबोडो टोपी काढून उठतो,
मिळालेल्या तीन मिनिटांतली दोन
घसा खाकरण्यातच घालवतो.
निर्णय पुढच्या बैठकीत.

सगळे जातात. कॅमेरा बंद करायचा राहतो.
अकरा मिनिटं
सफाई कामगार खुर्च्या एकात एक घालतोय.
मग माइकसमोर थांबतो,
काहीतरी बोलतो, बराच वेळ.
माइक मात्र आठवणीनं बंद केलेला.

डोरीन ते कापत नाही.
‘वक्ते’ या रकान्यात
लाइलखाली एक ओळ मोकळी सोडते
आणि पुढची टेप भाजायला टाकते.