जास्तीची किल्ली

डाकोटातल्या ह्या गावात निम्म्या दारांच्या किल्ल्या
आर्डेल नूटसनने घासून दिल्यात,
अठ्ठावीस वर्षं, दीड डॉलरला एक.
यंदा तीच दारं ठोठावत फिरली,
बुटांना चिखल, काखेत पत्रकं,
विधानसभेसाठी.

"बघू, बघू," म्हणायचे लोक
आणि विचारायचे, नळ गळतोय, वॉशर कुठला बसेल?
ती सांगायची. अर्ध्या इंचाचा.
शाळेच्या बंद झालेल्या बसबद्दल
बोलायचं राहूनच जायचं.

वॉल्डो फ्रीसच्या अंगणात विरोधकाची पाटी.
तिची तार आमच्याच दुकानातली, मी ओळखली.
आर्डेल वाकली, कलंडलेली पाटी सरळ केली,
मग बेल वाजवली.
मला राग आला. अजूनही येतो.

एकेचाळीस मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी सातला कुलूप काढलं,
बर्फाची फावडी दाराशी मांडली.
पहिलं गिऱ्हाईक वॉल्डो.
टोपी हातात, नजर फरशीवर:
मुलगी परत आलीय राहायला, लेकरांना घेऊन.
एक किल्ली जास्तीची हवी.

यंत्र किरकिरलं. पितळेचा भुगा उडाला.
तिने किल्लीवर फुंकर मारली,
अंगठ्याने दाते चाचपले
आणि विचारलं,
"शाळेत कशी जाणार रे पोरं?"