खोलीचा आवाज

जनरेटर बंद करा, मी म्हणालो,
त्याची घरघर प्रत्येक वाक्याखाली बसेल.
पंखा थांबला. इबादानची दुपार
गंजक्या पत्र्यांचा रंग घेऊन आत आली.

आसाबीबाई, वय अठ्ठ्याऐंशी.
गळ्याशी माईक लावताना म्हणाल्या, गार आहे रे.
हसल्या. दात माझेच आहेत, हेही सांगितलं.

लानरे कागदावरचे प्रश्न विचारत गेला.
पहिला दिवस?
दिवे इतके तापायचे की
बातम्या वाचणाऱ्याच्या कपाळावर पावडर टिकेना.
आणि नाटकं?
एकदा राजाच्या दरबारात शेळी शिरली,
सगळं थेट चाललेलं,
राजानं तिचीही फिर्याद ऐकून घेतली.
आम्ही हसलो. मीटर लाल झाला असेल, मी पाहिलं नाही.

ते नाटक आता कुठे मिळेल?

बाईंनी पदर नसलेल्या खांद्यावरचं कापड सारखं केलं.
"मीच पुसलं."

टेप महाग. बोटीनं यायची,
लागोसच्या बंदरात महिनाभर अडकायची.
शुक्रवारी यादी यायची, टाइप केलेली, खाली सही:
चाळीस रिळं, मंगळवारपर्यंत कोरी.
त्यांनी हात हवेत धरला.
रीळ यंत्रावर ठेवायचं, फिरवायचं,
सावकाश, जातं ओढावं तसं,
आणि फिरवत फिरवतच लांब न्यायचं.
झटक्यात उचललं तर आवाजाचे डाग राहतात.
"माझ्या रिळावर कधी डाग राहिला नाही."
अभिमानच होता तो.
लपवता आला नाही की लपवायचा नव्हता, कोण जाणे.

"शेळीवर फुटबॉलची मॅच आली.
मॅचवर मंत्र्याचं भाषण.
भाषणावर काय, ते माझ्या मागून आलेल्या पोरीला ठाऊक.
तीही गेली."

लानरेनं कागद पालथा घातला.
मग राजा कोण, शेळी कुणाची, निकाल काय लागला,
बाई सांगत गेल्या, राजाच्या आवाजात, शेळीच्याही,
शब्द न् शब्द,
जणू पुसताना हाताला लागलेलं
त्यांनी अजून धुतलंच नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, अर्धा मिनिट कुणी बोलू नका,
मला नुसती खोली हवी.
"रिकामी? ती कशाला?"
जोडकामाला. दोन वाक्यांच्या मध्ये भरायला.
लगेच पटलं त्यांना. कोरेपणातलं त्यांना कळतं.

तीस सेकंद.
पत्र्यावरून सरडा धावला.
बाईंचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता,
कापडाची बारीक सळसळ.
मी पुन्हा घेऊ या म्हणालो नाही.

"यावर पुढच्या आठवड्यात काय घेणार?"
काही नाही, लानरे म्हणाला, हे असंच राहील.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कार्ड काढून तळहातावर ठेवलं, नखाएवढं.
बराच वेळ पाहिलं त्यांनी, चष्मा वर करून.
फिरवलं नाही.
जसं होतं तसं परत दिलं.