सहा डेसिबेल

हातानं काढलं तर नऊ पूर्णांक आठ,
सिम्युलेटर म्हणतो साडेतीन.
वखारभागातल्या आमच्या दोन खोल्यांत
एप्रिलमधली चौथी रात्र,
आणि मिक्सर बिघडलाय म्हटलं की
शेजारच्या पाटोळेकाकू अजून विचारतात,
चटणीचा का गं?

हार्मोनिक सात होते, पंधरा केले,
एकतीस केले.
लॅपटॉपचा पंखा धापा टाकत राहिला,
आकडा जागचा हलला नाही.
ट्रान्झिस्टरचं मॉडेल बदललं,
वेळेची पावलं बारीक केली.
मुजावर सरांना फोन लावला.
झोप आता, म्हणाले.

सकाळी अण्णांचा डबा घेऊन मार्केट यार्डात.
अण्णा मापाडी, एकतीस वर्षं काट्यापाशी.
सौद्याची गर्दी, हळदीनं पिवळी पडलेली हवा,
आणि एक शेतकरी हातवारे करत,
घरी मोजली तवा जास्त भरली हुती!
अण्णांनी वरसुद्धा बघितलं नाही.
"बारदान धरून मोजली का सोडून?"

तो गप्प.
मीही गप्प, डबा हातातच.

देणाऱ्या पोर्टच्या पोटात पन्नास ओहम,
समोर माझ्या सर्किटचे पन्नास.
निघालेल्या व्होल्टेजातलं अर्धं
उंबऱ्याच्या आतच खर्ची पडतं.
मी वहीत मोजत होते दारापासून,
सिम्युलेटर माजघरापासून.
अर्धं म्हणजे सहा डेसिबेल.
चार रात्री, एक बारदान.

घरी येऊन सूत्रात एक नाव बदललं,
इकडचं टोक तिकडं.
उरले शून्य पूर्णांक तीन.

त्यांच्यामागेही लागले होते थोडा वेळ.
पण वहीतला स्विच डोळ्याचं पातं लवायच्या आत पालटतो,
खरे ट्रान्झिस्टर तसे नसतात.
एक पुरता झोपायच्या आधी दुसरा जागा होतो
आणि तेवढ्या अर्धवट वेळात
दोघं मिळून सिग्नल दोन्हीकडं सारखा वाटतात,
म्हणजे कुणाच्याच पदरात काही पडत नाही.
हे तीन मी खोडले नाहीत.
साध्या निळ्या शाईत लिहून ठेवले.

रात्री अण्णा मोरीपाशी हात चोळत होते.
जमलं का तुझं वजन?
जमलं. जरा कमी भरतंय.
किती?
मला आकडा सांगता आला असता.
मी चिमूट दाखवली.
त्यांनी ती दिव्याखाली नीट बघितली
आणि म्हणाले, साबण संपलाय.